तुळस कधी कापायची? पानातून गाळून येणाऱ्या उजेडाला विचारा

बेळगाव जिल्ह्यातल्या अथणी-चिकोडीकडच्या ऊसवाल्यांना ब्रिक्स मीटर सांगायला नको. शेंड्याच्या आणि बुडख्याच्या कांड्यांचा रस काचेवर टाकायचा, मीटर उजेडाकडे धरून आकडे वाचायचे; दोन्ही जवळजवळ सारखे आले की ऊस पिकला. रसात साखर जास्त, तितका प्रकाश जास्त वाकतो. तुळशीला मात्र हा मीटर कुचकामी आहे. तिथं आपल्याला तेल हवं असतं, आणि ते रसात विरघळत नाही. पानावरच्या बारीक ग्रंथींत साठतं.

तुळशीसाठी क्लोरोफिल मीटर घ्यावा. चिमट्यासारखं हे यंत्र पानावर दाबलं की ६५० नॅनोमीटरचा लाल आणि ९४० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश पानातून आरपार सोडतं. हरितद्रव्य लाल प्रकाश शोषतं, अवरक्त जवळपास सोडून देतं. दोहोंतल्या फरकावरून हिरवेपणाचा आकडा निघतो.

शेंड्याकडून तिसऱ्या जोडीतलं पूर्ण उमललेलं पान घ्या, मधली शीर टाळा, एका वाफ्यातल्या तीसेक झाडांची सरासरी काढा. वेळ रोज तीच ठेवा: सकाळी, दव सुकल्यावर. पान ओलं असेल तर थेंब प्रकाश विखुरतात. दुपारच्या कडक उन्हात हरितकणं पेशीच्या कडेला सरकतात, त्यामुळे तेच पान कमी आकडा दाखवतं. सर्वांत मोठी फसगत युरियाची. खत दिल्यावर काही दिवसांत आकडा चढतो. त्यावरून तेल वाढलं असं समजू नका.

वाढीच्या काळात आकडा चढत जातो, मग स्थिरावतो. मंजिऱ्यांत बी धरू लागलं की पानातला नत्र तिकडे वळतो आणि आकडा उतरू लागतो. आकडा स्थिर आणि झाडं फुलोऱ्यात, हा कापणीचा काळ. लावणीनंतर साधारण ९० दिवसांनी पहिली कापणी येते, पुढच्या कापण्या दर ६० ते ७५ दिवसांनी. जमिनीपासून १५ सेंटिमीटर बुंधा राखा, नाहीतर फुटवा नीट येत नाही.

पण आकडा तेलाचा नाही, हिरवेपणाचा आहे. म्हणून पहिल्या हंगामात कळीपूर्वी, फुलोऱ्यात आणि बी धरताना असे तीन नमुने काढून क्लेव्हेंजर उपकरणात (पाण्यात पाला उकळून वाफेबरोबर तेल वेगळं काढणारं काचेचं उपकरण) तेल मोजून घ्यावं, आणि प्रत्येक नमुन्यापुढे त्या दिवसाचा आकडा लिहावा. खानापूरच्या धो-धो पावसातला तक्ता अथणीच्या कोरड्या रानात चालणार नाही. तो ज्याचा त्यानेच करायचा.

थेट तेलाचा अंदाज हवा असेल तर अवरक्त वर्णपटमापक (स्पेक्ट्रोमीटर) लागतो; कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला गेला ते तो दाखवतो. ओल्या पानात १४५० आणि १९४० नॅनोमीटरजवळ पाण्याचं शोषण इतकं दांडगं असतं की तेलाची खूण त्यात बुडून जाते. म्हणून पानं सावलीत वाळवून, एकसारखी दळून मगच पूड यंत्राखाली ठेवावी. भरड आणि बारीक पूड मिसळली, तर प्रकाश वेगवेगळा विखुरतो आणि आकडे हलतात.