मिठाने पाणी लवकर उकळतं का?

‘पाण्यात मीठ टाका, लवकर उकळेल’ हा सल्ला स्वयंपाक शिकताना बहुतेकांना मिळतोच. प्रत्यक्षात मिठाने पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो, तोही अगदी किंचित: १ लिटर पाण्यात १० ग्रॅम मीठ घातलं तर जेमतेम ०.२ अंश सेल्सिअस.

मग समज रुजला कसा? डोळ्यांनी दिसतं म्हणून! तापलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ पडताच फस्सकन बुडबुडे उसळतात. मिठाच्या खरबरीत कणांवर बुडबुडे चटकन धरतात, एवढंच. पाणी जास्त तापलेलं नसतं. साखर टाकून पाहा, तसंच होईल.

खात्री करायचीय? भांडं तेच, पाणी मोजून तेवढंच, आच तीच. एकदा मिठासह, एकदा मिठाशिवाय उकळा आणि घड्याळ लावा. मीठ घालाच, पण चवीसाठी.