नागपूरचा माळा तापला कसा

नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, जवळ आला की महाल-इतवारीतल्या जुन्या घरांत हमखास निघणारा विषय म्हणजे माळा. पोरं मोठी झाली, एक खोली कमी पडते, वर अख्खा माळा रिकामा आहे. एसी बसवावा की कूलर चढवावा? हिवाळ्यात हीटर पुरेल का? मिस्त्री येतो, मान वर करून पत्रे बघतो आणि टनाच्या गोष्टी सुरू करतो. पण हा माळा मुळात राहण्यासाठी बांधलेलाच नव्हता. खालच्या खोल्यांवर धरलेली ती छत्री होती.

अठराव्या शतकात भोसल्यांची राजधानी इथे आली आणि महालाभोवती वाडे उभे राहिले. त्या धाटणीच्या घरांत सागवानी तुळयांवर फळ्या, फळ्यांवर मातीचा थर आणि त्याच्या वर, वाकून चालावं लागेल इतकी जागा सोडून, कवेलूंचं उतरतं छप्पर. कवेलू म्हणजे कुंभाराच्या हातची अर्धगोल नळी. एक उताणी, तिच्यावर एक पालथी. दोन्हींच्या मध्ये बारीक फट राहायची, आणि सगळी करामत त्या फटीची. तापलेली हवा वर चढून फटींतून निघून जायची, तिच्या जागी चौकातली, ओसरीतली सावलीतली हवा सरकायची. जी धग तरीही खाली यायची ती मातीचा थर दुपारभर पोटात धरून ठेवायचा. माळ्यावर भट्टी, खाली मात्र सुसह्य. आमची आजी मे महिन्यात माळ्यावर चढायची ती फक्त पहाटे, बरण्या आणायला. दुपारी वर मुंजा बसलेला असतो, असं आम्हा पोरांना सांगून ठेवलं होतं. मुंजा होताच, फक्त तो उन्हाचा होता.

या गारव्याची किंमत दरवर्षी मोजावी लागे. मृगाच्या आधी कवेलू फेरायचे, म्हणजे काढून पुन्हा नीट रचायचे, वानरांनी फोडलेले बदलायचे. पुढे फेरणारे हात कमी झाले. तिकडे मंगळूरला बाझेल मिशन या ख्रिस्ती संस्थेने १८६५ साली यंत्रावर दाबलेल्या चपट्या कौलांचा कारखाना काढला होता. इकडे १८६७ साली नागपूरला रेल्वे पोचली आणि जड माल दुरून आणणं सोपं झालं. ही कौलं एकमेकांत नीट अडकतात, गळत कमी, पण फटीही कमी. त्यानंतर टिन आलं. माझ्या मते खरा घात टिनानेच केला. मे महिन्याच्या दुपारी पत्रा साठ अंशांच्या पुढे तापतो आणि खालच्या माणसावर ती उष्णता सरळ फेकतो. त्यात कुणी ‘घाण पडते’ म्हणून माळ्यावरची माती काढून टाकली, कुणी शोभेसाठी प्लायचं छत ठोकून वळचणीखालचे झरोके बुजवले. छत्री मोडली आणि मग यंत्र शोधायला निघालो.

यंत्राची गोष्टही जुनीच. वाळ्याच्या ताट्या दारात लावून त्यांवर पाणी मारायची रीत इंग्रजांनी उचलली. १८३०च्या दशकात त्यांनी लाकडी खोक्यात हाताने फिरवायचा पंखा आणि बाजूंना ओला वाळा असं ‘थर्मँटिडोट’ नावाचं धूड बनवलं. मध्य प्रांताचे साहेबलोक त्यावरही न भागून उन्हाळ्यात पचमढी गाठायचे, ते वेगळं. विजेवरचा, लाकडाच्या भुशाचा कूलर १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटी भागात रुळला. आपल्याकडे खोकं टिनाचं झालं, पण नागपुरात आजही कूलरच्या ‘ताट्या’च बदलतात. वाळा जाऊन भुसा आला, नाव तेच राहिलं.

कूलर इथे चालतो तो हवा कोरडी असते म्हणून. बाहेर ४४ अंश आणि आर्द्रता २० टक्के असली, तर पाण्याच्या वाफेने हवा फार तर २५ अंशांच्या आसपास उतरू शकते; बरा कूलर २८-२९ पर्यंत आणतो. पण आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट हवी. बंद माळ्यावर कूलर लावला की तासाभरात गादी ओलसर, जीव गुदमरलेला. शिवाय शंभर लिटरची टाकी म्हणजे पाण्याचंच वजन शंभर किलो, आणि तेही वाळवी लागलेल्या तुळईवर. पावसाळ्यात तर कूलर नुसता डासांचा हौद.

थंडीचं प्रकरण छोटं आहे. २९ डिसेंबर २०१८ला पारा ३.५ अंशांवर गेला, पण अशा रात्री मोजक्याच. पूर्वी शेगडी असे, तीही उघड्या ओसरीत. बंद माळ्यावर कोळसा पेटवणं म्हणजे विषारी वायूला आवतण. आजचा दोन हजार वॅटचा हीटर जवळपास नऊ अँपिअर ओढतो, आणि माळ्यावरच्या जुन्या लाकडी पट्टीवरची वायर पाच अँपिअरच्या प्लगसाठी टाकलेली असते. आधी वायरिंग बदला.

२०१३च्या मे महिन्यात इथे ४७.९ अंश नोंदले गेले. अशा उन्हात उघड्या पत्र्याखाली दीड टनाचा एसी दिवसभर घरघरतो आणि खोली तरीही कोमटच. म्हणून जाणता मिस्त्री एसीचं माप नंतर काढतो. आधी पत्र्याला वरून पांढरा रंग, आतून चकाकत्या फॉइलचं अस्तर, पत्रा आणि अस्तर यांत चार बोटं मोकळी जागा, आढ्याजवळ हवा निघायला झडप आणि खाली वळचणीशी बुजवलेले झरोके पुन्हा उघडे. इतवारीतल्या एका घरी परवा हेच काम चालू होतं. सुताराने प्लाय उचकटला, मागे विटेची जाळी निघाली, आणि तिच्यातून चौकातली हवा सरळ त्याच्या तोंडावर आली. “काकाजी, हे तर आधीच होतं की इथं,” तो म्हणाला.