लाल डोळा, धूसर नजर: थेंब टाकून वाट पाहावी का?

‘डोळा लाल होऊन धूसर दिसलं तर डोळे आलेत, थेंब टाका, आठवड्यात बरं होतं’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो पटतो, कारण डोळे येण्याची साथ बहुधा आपोआप ओसरते.

पण डोळे येतात तेव्हा सूज वरच्या पातळ आवरणाला असते. चिपडामुळे आलेला धूसरपणा डोळे मिचकावले, धुतले की जातो. तो जात नसेल, डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगत असतील, उजेड सोसत नसेल, तर सूज आत असू शकते. कांजिण्या-नागिणीचा किंवा हर्पिसचा (ओठांवर फोड आणणारा) विषाणू शरीरात वर्षानुवर्षं निपचित राहतो आणि कधीतरी डोळ्याच्या आतल्या पडद्यावर (रेटिनावर) उठतो. सुरुवात बहुतेकदा पडद्याच्या कडेला होते, म्हणून वाचता येतंय यावर विसंबू नये.

घरी एकेक डोळा झाकून कॅलेंडर वाचा, नजर समोर ठेवून कडेची बोटं दिसतात का पाहा. फरक वाटला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा; बाहुली मोठी करून पडदा तपासावा लागतो. थेंब तिथवर पुरेसे पोचत नाहीत. अ‍ॅसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध शिरेतून किंवा त्याच गटातल्या गोळ्या लागतात. नुसते स्टिरॉइडचे (सूज दाबणाऱ्या औषधाचे) थेंब तर लाली घालवून आजार झाकतात. उशीर झाला की पडदा जागेवरून सुटू शकतो, काही आठवड्यांत दुसऱ्याही डोळ्याला हा आजार होऊ शकतो.