आंतररेणवीय आकर्षण (संगणकीय अभ्यास)

आंतररेणवीय आकर्षण म्हणजे पूर्ण तयार झालेल्या दोन रेणूंना एकमेकांबद्दल वाटणारी ओढ. हिच्यात नवा रासायनिक बंध जुळत नाही. रेणू आपापले राहतात, फक्त एकमेकांना धरून असतात. हायड्रोजन बंध (नावात ‘बंध’ असला तरी एका रेणूतल्या धन भाराच्या हायड्रोजनला दुसऱ्यातल्या ऋण भागाची वाटणारी ओढच) आणि व्हॅन डर वाल्स प्रेरणा हे तिचे ठळक प्रकार. ही ओढ किती आहे, कोणत्या दिशेने आहे आणि कशामुळे आहे, हे पुंजयामिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) समीकरणांतून काढणे हा संगणकीय रसायनशास्त्रातला एक मोठा विषय आहे. त्याला लागणारी उदाहरणे खानदेशात दूर शोधावी लागत नाहीत. कापूस आणि मिरची पुरेशी आहेत.

ओढ तशी क्षीण. पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध तोडायला मोलमागे सरासरी ४६० किलोज्यूल लागतात. पाण्याच्या दोन रेणूंमधला हायड्रोजन बंध मात्र २१ किलोज्यूलच्या आसपास, आणि मिथेनच्या दोन रेणूंमधली ओढ जेमतेम दोन. योहानेस व्हॅन डर वाल्स यांनी १८७३ च्या प्रबंधात वायूंच्या वागण्यावरून अशी ओढ असलीच पाहिजे असे मांडले. ध्रुवीय नसलेले, म्हणजे धन आणि ऋण टोके नसलेले रेणूसुद्धा एकमेकांना का ओढतात, याचे उत्तर मिळायला १९३० साल उजाडले. फ्रिट्झ लंडन यांनी दाखवले की इलेक्ट्रॉनांची क्षणोक्षणी होणारी हालचाल दोन शेजारी रेणूंत एकमेकांना जुळवून घेते आणि त्यातून ओढ निर्माण होते. हायड्रोजन बंधाची आज मान्य असलेली व्याख्या तर २०११ ची आहे. ती ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाचे नेतृत्व बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील इ. अरुणन यांच्याकडे होते.

कापसापासून सुरुवात करू. कापसाचा धागा म्हणजे जवळजवळ सगळे सेल्युलोज, म्हणजे ग्लुकोजच्या एककांची लांबच लांब साखळी. प्रत्येक एककावर तीन हायड्रॉक्सिल गट असतात. हे गट पाण्याला आवडणारे. साखर याच गटांमुळे पाण्यात विरघळते, मग कापूस का विरघळत नाही? कारण सेल्युलोजच्या साखळ्या शेजारी शेजारी पडून एकमेकींशीच हायड्रोजन बंध जोडतात आणि पाण्यासाठी जागाच उरत नाही. एकेक बंध कच्चा, पण एका साखळीत ते हजारोंनी असतात. अशा साखळ्यांचे पापुद्रे एकावर एक बसतात आणि पापुद्र्यांच्या मधे मुख्यतः व्हॅन डर वाल्स ओढ काम करते. नुसते हायड्रोजन बंध मोजून कापसाचा हिशेब लागत नाही तो यामुळे. बाहेरच्या पृष्ठभागावर आणि जिथे साखळ्या विस्कटलेल्या असतात तिथे मात्र पाण्याचे रेणू शिरतात व मोकळ्या हायड्रॉक्सिलांना चिकटून बसतात. जळगाव-धुळ्याकडे कापूस विकायला नेणाऱ्याला हे चिकटलेले पाणी चांगले ठाऊक आहे. खरेदी केंद्रावर मॉइश्चर मीटरचा काटा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो आणि १२ च्या वर गेला तर हमीभावाने माल घेतच नाहीत. पहाटेच्या दवात वेचलेला कापूस उन्हात पसरून मग गाडीत भरतात, तेव्हा सूर्याच्या उष्णतेने हेच हायड्रोजन बंध सुटत असतात.

हे आकडे मोजायचे कसे? तत्त्व साधे आहे. दोन रेणू जवळ असतानाची ऊर्जा काढायची, मग दोघांची सुटी ऊर्जा काढायची आणि वजाबाकी करायची. अडचण वजाबाकीतच आहे. पाण्याच्या एका रेणूची एकूण ऊर्जा मोलमागे सुमारे दोन लाख किलोज्यूल, दोघांची चार लाख, आणि आपल्याला हवे आहेत त्यातले २१. वजनकाट्यावर सहा टनांचा भरलेला ट्रॅक्टर चढवायचा, पुन्हा रिकामा चढवायचा आणि दोन्ही पावत्यांवरून ट्रॉलीत तीनशे ग्रॅमची पुडी होती की नव्हती ते सांगायचे, असला हा प्रकार. काटा जरा हलला तर पुडीच्या जागी पोते दिसेल.

काटा हलतोही. इलेक्ट्रॉनांचे वर्णन करण्यासाठी प्रत्येक अणूवर गणिती फलनांचा (फंक्शन्सचा) एक मर्यादित संच बसवावा लागतो. दोन रेणू जवळ आले की प्रत्येक जण शेजाऱ्याचीही फलने वापरून घेतो आणि त्याची ऊर्जा उगाच खाली आल्यासारखी दिसते. म्हणजे ओढ असते त्यापेक्षा जास्त मोजली जाते. बॉइज आणि बर्नार्डी यांनी १९७० मध्ये यावर उपाय सुचवला. सुटा रेणू मोजतानाही शेजाऱ्याची फलने त्याच्या जागी ठेवायची, पण तिथे ना अणुकेंद्र ना इलेक्ट्रॉन. या रिकाम्या जागांना अभ्यासक ‘घोस्ट अणू’ म्हणतात. भुताकडून उधारी घेऊन खऱ्याचा हिशेब चोख करायचा, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला थट्टा वाटते.

दुसरी गफलत अधिक काळ चालली. वॉल्टर कोन यांच्या १९६४-६५ मधील कामातून उभी राहिलेली घनता-फलन पद्धत, म्हणजे डीएफटी, स्वस्त आणि बहुतेक कामांना पुरेशी आहे. कोन यांना त्यासाठी १९९८ चे नोबेल जॉन पोपल यांच्यासह मिळाले. पण बी३एलवायपीसारख्या तिच्या लोकप्रिय रूपांत लंडनची ओढ धडपणे येतच नाही. त्यामुळे बेंझिनच्या एकमेकांवर रचलेल्या चकत्या या गणितात चिकटण्याऐवजी दूर सरतात. स्टेफान ग्रिम यांनी २०१० मध्ये दिलेली डी३ दुरुस्ती आता सर्रास जोडली जाते. ती न जोडता काढलेले आंतररेणवीय आकडे आजही प्रबंधांत सापडतात आणि त्यांच्याकडे संशयानेच पाहावे.

महाराष्ट्रातील या विषयाची परंपरा पुणे विद्यापीठातील श्रीधर गद्रे यांच्या गटाभोवती वाढली. गद्रे यांना १९९३ मध्ये शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. रेणूभोवतीच्या विद्युत विभवाचा, म्हणजे धन भाराला कुठे किती ओढ किंवा ढकल बसेल त्या मापाचा, त्यांनी भूगोलासारखा अभ्यास केला. तापीच्या खोऱ्यात उभे राहिले तर उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा दिसतात. शिखरे, दऱ्या आणि मधल्या खिंडी ओळखल्या की प्रदेशाचा नकाशा हाती येतो. रेणूच्या विभवातही दऱ्या असतात, खिंडी असतात. शिखरांबाबत मात्र राजीव पाठक आणि गद्रे यांनी १९९० मध्ये एक नेमकी गोष्ट सिद्ध केली. विभवाचे शिखर फक्त अणुकेंद्रावरच असू शकते, इतरत्र कुठेही नाही. दऱ्या ऋण असतात, आणि दुसऱ्या रेणूतला धन भाराचा हायड्रोजन तिथे उतरतो. कोणता रेणू कोणाला कुठून धरेल याचा अंदाज या नकाशावरून आधीच बांधता येतो.

याच गटाची १९९४ पासूनची ‘मॉलिक्युलर टेलरिंग’ पद्धत हे नावाप्रमाणेच शिंपीकाम आहे. संगणकाला न पेलणारा मोठा रेणू एकमेकांवर थोडे चढणाऱ्या तुकड्यांत कापायचा, तुकड्यांच्या ऊर्जा बेरजेत घ्यायच्या आणि दुमडीत दोनदा मोजला गेलेला भाग वजा करायचा. २००६ मध्ये या पद्धतीने एक जुना पेच सोडवला. एकाच रेणूच्या दोन टोकांमध्ये हायड्रोजन बंध असेल तर त्याची ताकद कशी मोजणार? तिथे सुटे करायला दोन रेणूच नसतात. कापून-जोडून ती काढता येते.

नंदुरबारच्या पथाऱ्यांवर वाळणाऱ्या लाल मिरचीतला तिखटपणा हे डॉकिंगचे उत्तम उदाहरण. डॉकिंग म्हणजे लहान रेणू मोठ्या प्रथिनाच्या खाचेत कसा बसेल हे संगणकाने शोधणे. मिरचीतले कॅप्सेसिन चेतापेशींवरच्या टीआरपीव्ही१ या प्रथिनाला धरते. हे प्रथिन एरवी भाजण्याची सूचना देते, म्हणून तिखट ‘जळजळते’. डेव्हिड ज्यूलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये ते ओळखले, २०१३ मध्ये त्याची रचना दिसली आणि २०२१ मध्ये ज्यूलियस यांना नोबेल मिळाले. त्या रचनेत कॅप्सेसिनची जागा कळत होती, पण बसण्याची ढब स्पष्ट नव्हती. डॉकिंगने ती दाखवली. रेणू डोके खाली, शेपूट वर असा बसतो. डोके हायड्रोजन बंधांनी अडकते, लांब तेलकट शेपूट व्हॅन डर वाल्स ओढीने टेकते. शेपूट तेलकट असल्यामुळेच ठेच्यानंतर पाणी पिऊन भागत नाही, दूधच लागते. पक्ष्यांच्या टीआरपीव्ही१ मध्ये थोडा फरक असतो, तेवढ्यावर पोपट मिरच्या फस्त करतो.

डॉकिंगच्या आकड्यांना मात्र मर्यादा आहेत. २०१० पासून मोफत मिळणाऱ्या ऑटोडॉक व्हिना या प्रणालीची बंधन-ऊर्जेच्या अंदाजातली चूक तिच्या कर्त्यांनीच मोलमागे सुमारे २.८५ किलोकॅलरी सांगितली आहे. खोलीच्या तापमानाला १.४ किलोकॅलरींचा फरक म्हणजे बंधनाच्या ताकदीत दसपट फरक. हा आकडा जितका उणे तितकी पकड घट्ट मानतात; तेव्हा उणे ८.९ किलोकॅलरींचा रेणू उणे ८.४ च्या रेणूपेक्षा सरस, असे लिहिणे धाडसाचे आहे. औषधनिर्माणशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पांत ते धाडस वारंवार दिसते.

या कामाला रसायने लागत नाहीत, संगणक आणि चिकाटी लागते. जळगाव, धुळे व नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांसाठी १९९० मध्ये जळगावला स्थापन झालेले विद्यापीठ २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिरवते. अशा ठिकाणच्या विद्यार्थ्याला पुण्यात १९९१ मध्ये परम महासंगणक बनला त्या काळी जे गणित दुर्लभ होते, ते आज टेबलाखालच्या संगणकावर लिनक्स टाकून करता येते. लहान रेणूंची जोडी रात्रभरात आटोपते, सेल्युलोजचा तुकडा घेतला तर आठवडा जातो. मधे वीज गेली की चेकपॉइंट फाइलवरून पुढे चालू करायचे, ती ठेवली नसेल तर पहिल्यापासून. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा सीपीयूचे एका बाजूचे झाकण काढून समोर टेबल फॅन लावलेला असतो, आणि सकाळी आल्या आल्या आधी पंखा फिरतोय ना ते पाहतात, मग आउटपुट फाइल उघडतात.