लाइव्ह फीडर (भटक्या मांजरांचा)

भटक्या मांजरांसाठी रस्त्याकडेला किंवा सोसायटीच्या कोपऱ्यात ठेवलेलं ऑटोमॅटिक खाऊचं यंत्र, आणि त्यावरच्या कॅमेऱ्यातून त्यांचं खाणं लांबून बघत बसायची रीत. ॲपवर पैसे भरून बटण दाबलं की टाकीतले दाणे खालच्या वाटीत पडतात. चीनमधलं 'हॅलो स्ट्रीट कॅट' हे ॲप सगळ्यात गाजलं, साधारण 2023-24 च्या सुमारास ते चीनबाहेर पोचलं आणि मिस्टर फ्रेश नावाच्या बोक्याचा काळजीत पडल्यासारखा चेहरा मीम्समधून जगभर फिरला.

उगमाबद्दल एकमत नाही. बरेच जण केंब्रिज विद्यापीठातल्या कॉफीच्या भांड्यापाशी जातात: कॉम्प्युटर लॅबमधल्या मंडळींनी 1991 मध्ये भांड्यावर कॅमेरा लावला, म्हणजे कॉफी संपलीय का हे जागेवरूनच कळावं, 1993 मध्ये तो वेबवर आला आणि 22 ऑगस्ट 2001 ला बंद झाला. पण तिथे लांबून नुसतं बघता येत होतं, भांडं भरता येत नव्हतं. त्यापेक्षा 1995 मध्ये अमेरिकेत केन गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी केलेली 'टेलिगार्डन' ही बाग जास्त जवळची वाटते, कारण तिथे कुठूनही लॉग इन करून रोबोटच्या हाताने बी पेरता यायचं, रोपाला पाणी घालता यायचं (पुढे ती बाग ऑस्ट्रियात लिंझला गेली आणि 2004 पर्यंत होती). घरबसल्या दुसऱ्या देशातल्या जिवाची काळजी घेणं हा फीडरचा गाभा असेल तर मूळ या बागेत शोधावं. आपल्याकडे कुणी हे मूळ भूतयज्ञ (प्राणिमात्रांसाठी घास काढणं) आणि काकबळीपर्यंत नेतात, भावना तीच आहे हे खरं, पण मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कुत्रे, कावळे, किडे यांचा घास सांगितलाय, त्या यादीत मांजर नाही, आणि चौथ्या अध्यायात ती येते ती ढोंगी व्रताची उपमा म्हणून. तेव्हा ही परंपरा मांजरापर्यंत आणताना जरा जपून.

रात्री कॅमेरा इन्फ्रारेडवर जातो. 850 नॅनोमीटरचे दिवे असले तर अंधुक लाल ठिपका दिसतो, 940 चे असले तर आपल्याला काहीच दिसत नाही. मांजराच्या डोळ्यातल्या आतल्या पडद्यामागे प्रकाश परतवणारा थर असतो म्हणून स्क्रीनवर डोळे पांढरे चमकतात, नवीन माणूस घाबरतो, त्यात काही आजार नाही. व्हिडिओ छोट्या तुकड्यांत येतो म्हणून दाणे पडलेले काही सेकंद उशिरा दिसतात, तेव्हा बटण लगेच परत दाबू नये. कानाचं टोक सरळ कापलेलं दिसलं तर बहुधा नसबंदी झालेली असते.

इंदूर: 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात शहर सलग पहिलं येत गेलं, कचरापेट्या उठल्या, ओला-सुका कचरा दारातूनच गाडीत जायला लागला. चांगलंच झालं, पण पेटीवर जगणाऱ्या मांजरांचा घास त्यात गेला असावा, आणि म्हणून रामबाग-लोकमान्यनगरकडे ओट्यावर वाटी ठेवणाऱ्या घरांचं महत्त्व वाढतं. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत भटक्या प्राण्यांच्या खाण्याची सोय रहिवासी संघटना किंवा स्थानिक संस्थेने बघावी असं आहे. वाटीत दूधपोळी नको, मोठ्या मांजरांना दूध बऱ्याचदा पचत नाही, त्यांना मांसातून मिळणारं टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, त्याशिवाय डोळे आणि हृदय बिघडतं. कोरडे दाणे दिले तर शेजारी पाणी हवंच.

चीनचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. जेवणं आटोपून रात्री साडेनऊला कुणी ॲपवर तिकडचा फीडर लावला तर तिकडे मध्यरात्र असते आणि बऱ्याचदा रिकामी वाटीच दिसते. मांजरं जास्त फिरतात ती पहाटे आणि तिन्हीसांजेला, त्यामुळे इकडे दुपारी चारच्या चहाला बघितलेलं बरं.