वळूची पारख नेमकी कधी करायची?

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात क्ले सेंटर गावाजवळ नौदलाचं दारूगोळ्याचं मोठं कोठार होतं. १९६४ मध्ये तिथली सुमारे ३५ हजार एकर जमीन मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या जनावरांच्या संशोधनासाठी कृषी खात्याकडे आली. बॉम्ब ठेवायचे मातीने झाकलेले घुमट अजून उभे आहेत, त्यांच्याभोवती गुरं चरतात.

शारोले, सिमेंटल, लिमुझिन अशा युरोपातल्या धिप्पाड जाती तेव्हा अमेरिकेत जोर धरू लागल्या होत्या. त्यांचे वळू तिथे आधीपासून रुळलेल्या अँगस-हिअरफर्ड या जातींपेक्षा खरंच सरस आहेत का, हे ठरवायला १९७० च्या सुमारास इथे चाचण्या सुरू झाल्या. त्यांची आखणी मला फार आवडते. आया शक्यतो सारख्या, म्हणजे अँगस आणि हिअरफर्ड गाई. रेतन कृत्रिम. एका जातीसाठी एकच वळू न घेता अनेक, कारण एखादाच वळू नामी निघाला म्हणून अख्खी जात नामी ठरत नाही. वासरांना चारा-खुराक एकच. शिवाय चाचण्यांच्या प्रत्येक फेरीत अँगस आणि हिअरफर्डचे वळू पुन्हा घेतले जात. त्यामुळे वेगवेगळ्या वर्षी तपासलेल्या जातीही एकाच मापाने मोजता आल्या.

तरीही ‘सरस कोण?’ याचं एक उत्तर मिळेना. सगळी जनावरं सारख्या वयाची असताना वजन केलं तर शारोलेची वासरं पुढे. पण अंगावर सारखी चरबी चढेपर्यंत थांबायचं ठरवलं, तर त्याच वासरांना कितीतरी जास्त दिवस खाऊ घालावं लागतं. कापलेलं धड बाराव्या आणि तेराव्या बरगडीच्या मधे चिरतात. तिथे दिसणाऱ्या लाल मांसात चरबीचे पांढरे धागे किती, त्यावर दर्जा ठरतो. या धाग्यांत अँगस आणि (अनेकांना नवल वाटेल) दुधासाठी नावाजलेली जर्सी वरचढ. निव्वळ मांसाच्या प्रमाणात मात्र शारोले, लिमुझिन पुढे. जातीजातींत हे दोन गुण बहुतेक उलट दिशेने जातात.

पुढच्या फेऱ्यांत वशिंडवाले वळू आले: साहिवाल, नेल्लोर, ब्राह्मन. ब्राह्मन ही अमेरिकेत घडवलेली जात, पण तिचं रक्त गीर, कांक्रेज, ओंगोल आणि आपल्या कृष्णाकाठच्या कृष्णा व्हॅली गुरांचं. मांसाचा मऊपणा मोजायला शिजवलेल्या तुकड्यातून सव्वा सेंटिमीटर जाडीच्या गोल कांड्या काढतात आणि त्या कातरायला किती जोर लागतो ते यंत्रावर पाहतात. वशिंडवाल्यांच्या संकरित वासरांना जोर जास्त लागला. जनावर मारल्यावर कॅल्पेन नावाची विकरं स्नायूंचे धागे हळूहळू तोडतात, त्यानेच मांस मऊ पडतं. या विकरांना आवर घालणारं कॅल्पास्टॅटिन हे प्रथिन वशिंडवाल्यांत जास्त कामसू असतं.

शतक पालटताना जुन्या जाती पुन्हा शेजारी शेजारी तोलल्या. तीस वर्षं निवडून पैदास केल्यानंतर अँगस आणि हिअरफर्डची वासरं वाढीत युरोपीय धिप्पाडांच्या बरोबरीला आली होती. चरबी मात्र अजूनही त्यांच्याच अंगावर जास्त.

ब्राह्मनचं सगळ्यात विलक्षण रूप पुढच्या पिढीत दिसतं. ब्राह्मन वळूपासून अँगस किंवा हिअरफर्ड गाईला झालेलं वासरू जन्मतःच वजनदार असतं, त्यामुळे गाय अडण्याची भीती. उलट, ब्राह्मन गाईला अँगस वळू दिला तर वासरू हलकं जन्मतं. आणि त्या पहिल्या, जड जन्मलेल्या कालवडी स्वतः गाभण राहिल्या, की सहसा सहज वितात, आणि आईचं दूध सुटेपर्यंत त्यांची वासरं वजनात इतरांच्या पुढे गेलेली असतात.