घासून चकचकीत केल्याने जुन्या लष्करी बंदुकीचे मोल वाढते का?

वारशाने आलेली जुनी लष्करी बंदूक घासून चकचकीत केली की तिची किंमत वाढते, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. घरातील पितळेची भांडी घासून उजळ होतात, त्यामुळे हा समज स्वाभाविक आहे. परंतु बंदुकीच्या बाबतीत बहुधा उलटेच घडते.

नळीवरचा तपकिरी किंवा निळसर-काळा थर नेहमीच खराबी नसतो. अनेक बंदुकांवर तो कारखान्यातच, नियंत्रित गंज चढवून, मुद्दाम तयार केलेला असतो. पॉलिश कागदाने तो निघून जातो आणि त्याबरोबर क्रमांक, तपासणीचे शिक्के व निर्मितीचे वर्षही पुसट होते. संग्राहक ज्या खुणांवरून बंदुकीची ओळख पटवतात, त्या एकदा गेल्या की परत आणता येत नाहीत.

हे भिंगातून पडताळता येते. मूळ अक्षरांच्या कडा धारदार दिसतात, घासलेल्या अक्षरांच्या कडा गोलसर होतात आणि स्क्रूच्या छिद्रांभोवती उथळ खळगा पडतो. तेल लावलेले पांढरे फडके हलकेच फिरवल्यावर लालसर भुकटी आली, तरच गंज अजून वाढतो आहे असे समजावे. त्यावर तेल आणि मऊ कापड यांनीच सुरुवात करावी.

मात्र हात लावण्यापूर्वी बंदूक रिकामी असल्याची खात्री जाणकाराकडून करून घ्यावी, कारण तोंडाकडून ठासायच्या बंदुकीत जुनी दारू आजही जिवंत असू शकते.